आक्रमक संघरचना (पोकेमॉन)

आक्रमक संघरचना ही पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेच्या स्पर्धात्मक लढतींमधील संघ बांधण्याची एक प्रमुख पद्धत आहे. या पद्धतीत सहा पोकेमॉनचा संघ अशा रीतीने निवडला जातो, की प्रतिस्पर्ध्याला आपला बचाव सावरण्यास किंवा गमावलेली शक्ती भरून काढण्यास पुरेशा फेऱ्याच मिळू नयेत. समतोल संघ आणि प्रतिस्पर्ध्याला हळूहळू झिजवणारा बचावात्मक संघ (ज्याला खेळाडू 'स्टॉल' म्हणतात) या संघरचनेच्या इतर प्रमुख पद्धती आहेत.

सहा बलवान हल्लेखोर एकत्र केले की आक्रमक संघ तयार होतो, असा समज नवख्या खेळाडूंमध्ये आढळतो. प्रत्यक्षात अशा संघाचे यश सदस्यांच्या वैयक्तिक बळापेक्षा त्यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. एक सदस्य प्रतिस्पर्ध्याच्या विशिष्ट रक्षकाला दुबळे करतो, दुसरा त्या मोकळ्या झालेल्या वाटेचा लाभ घेतो आणि अनेकदा एकाचा बळी देऊन दुसऱ्यासाठी एक सुरक्षित फेरी मिळवली जाते.

## पार्श्वभूमी

पोकेमॉन मालिकेतील पहिले खेळ, रेड आणि ग्रीन, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या यंत्रासाठी प्रकाशित झाले. गेम फ्रीक या कंपनीने ते विकसित केले होते. खेळाडू जास्तीत जास्त सहा पोकेमॉन सोबत बाळगू शकतो आणि प्रत्येक पोकेमॉनला चार चाली येतात. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू एकमेकांची निवड न पाहता आपला निर्णय घेतात. चाल खेळणे किंवा मैदानातील पोकेमॉन बदलणे, हे त्यांच्यापुढील दोन मुख्य पर्याय असतात. सामान्यतः अदलाबदल आधी होते आणि चाली नंतर वेगाच्या क्रमाने खेळल्या जातात. त्यामुळे बदलून आत येणाऱ्या पोकेमॉनला बहुधा एक वार झेलावा लागतो. आक्रमक संघाचे सारे गणित या एका नियमाभोवती फिरते.

स्पर्धात्मक खेळाचे दोन मोठे प्रवाह आहेत. स्मोगॉन हा २००४ मध्ये स्थापन झालेला खेळाडूंचा समुदाय मुख्यतः एकेरी लढतींचे नियम ठरवतो. या लढती सहसा १०० व्या पातळीवर खेळल्या जातात आणि त्यांसाठी पोकेमॉन शोडाउन हे आंतरजालावरील अनुरूपक प्रामुख्याने वापरले जाते. दुसरा प्रवाह अधिकृत व्हिडिओ गेम चॅम्पियनशिपचा असून त्याच्या लढती दुहेरी असतात, म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन पोकेमॉन एकाच वेळी मैदानात असतात. त्यात सहांच्या संघातून चार पोकेमॉन प्रत्यक्ष लढतीसाठी निवडले जातात आणि पातळी ५० धरली जाते. या लेखातील विवेचन, वेगळा उल्लेख नसल्यास, एकेरी लढतींना लागू आहे.

## हानीचे गणित

प्रत्येक पोकेमॉनचे सहा गुणांक असतात: एचपी म्हणजे प्राणशक्ती, आक्रमण, संरक्षण, विशेष आक्रमण, विशेष संरक्षण आणि वेग. एखाद्या चालीने होणारी हानी मुख्यतः चालीची शक्ती, हल्लेखोराचे आक्रमण आणि लक्ष्याचे संरक्षण यांवरून ठरते. १०० व्या पातळीवर चालीची शक्ती व आक्रमण यांच्या गुणाकारास ४२ ने गुणून, संरक्षणाने आणि नंतर ५० ने भागून, त्यात २ मिळवले म्हणजे मूळ हानी मिळते. तिच्यावर पुढील घटकांचा परिणाम होतो:

* स्वप्रकार लाभ: पोकेमॉनने स्वतःच्या प्रकाराची चाल वापरल्यास हानी दीडपट होते.
* प्रकारसंबंध: लक्ष्याच्या प्रकारानुसार हानी दुप्पट, चौपट, निम्मी, पाव किंवा शून्य होते. पहिल्या पिढीत १५ प्रकार होते. दुसऱ्या पिढीपासून १७ आणि सहाव्या पिढीपासून १८ प्रकार आहेत.
* यादृच्छिक घटक: प्रत्येक वार मूळ हानीच्या ८५ ते १०० टक्के यांपैकी कोणत्याही पूर्णांक टक्क्याइतका पडतो. म्हणजे एकाच वाराचे १६ निकाल संभवतात.
* धारण केलेली वस्तू: चॉईस बँड ही वस्तू आक्रमण आणि चॉईस स्पेक्स विशेष आक्रमण दीडपट करते, मात्र पोकेमॉन मैदान सोडेपर्यंत त्याला एकच चाल वापरता येते. लाइफ ऑर्बमुळे हानी सुमारे १.३ पट होते, परंतु प्रत्येक यशस्वी वारामागे हल्लेखोराची दहा टक्के प्राणशक्ती जाते.
* चढीचे टप्पे: स्वोर्ड्स डान्स ही चाल आक्रमण दोन टप्प्यांनी, म्हणजे दुप्पट वाढवते. ड्रॅगन डान्स आक्रमण आणि वेग हे दोन्ही एकेका टप्प्याने, म्हणजे दीडपट करते. सहा टप्प्यांची कमाल चढ चौपट असते. पोकेमॉन बदलला की ही चढ नाहीशी होते.

गुणांक वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ईव्ही गुणांची एकूण मर्यादा ५१० असून एका गुणांकात २५२ पर्यंत गुण उपयोगी पडतात. त्यामुळे एक पोकेमॉन दोनच गुणांकांत कमाल पातळी गाठू शकतो. आक्रमक संघातील बहुतेक सदस्यांचे हे गुण आक्रमण किंवा विशेष आक्रमण आणि वेग यांवर खर्च होतात. अशा सदस्याला बचावासाठी जवळजवळ काहीच उरत नाही. तो समोरून आलेले एक-दोनच वार सहन करू शकतो, हे गृहीत धरूनच संघ बांधला जातो.

## मैदानी सापळे आणि निश्चित बाद

प्रतिस्पर्ध्याच्या बाजूवर पसरलेले सापळे हा आक्रमक संघाचा पाया मानला जातो. स्टेल्थ रॉक या चालीने पसरलेले खडक मैदानात येणाऱ्या प्रत्येक पोकेमॉनला इजा करतात. खडक प्रकाराचा सामान्य परिणाम होणाऱ्या पोकेमॉनची १२.५ टक्के, तर त्या प्रकारापुढे चौपट दुबळ्या असलेल्या चॅरिझार्डसारख्या पोकेमॉनची ५० टक्के प्राणशक्ती त्यामुळे जाते. स्पाइक्स या काट्यांचे तीन थर पसरता येतात आणि थरांनुसार १२.५, सुमारे १६.७ किंवा २५ टक्के हानी होते. जमिनीवर नसलेल्या, म्हणजे उड्डाण प्रकाराच्या किंवा तरंगणाऱ्या पोकेमॉनवर त्यांचा परिणाम होत नाही.

सापळ्यांमुळे होणारी हानी वरवर पाहता किरकोळ वाटते. तिचे खरे महत्त्व असे, की तिच्यामुळे अनिश्चित वार निश्चित होतो. पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

१०० व्या पातळीवरील गारचॉम्प या ड्रॅगन व भूमी प्रकाराच्या पोकेमॉनचे आक्रमण, २५२ ईव्ही गुण आणि आक्रमणावर परिणाम न करणारा स्वभाव धरल्यास, ३५९ असते. स्वोर्ड्स डान्स एकदा वापरल्यावर ते ७१८ होते. त्याच्यासमोर मानस प्रकाराचा म्यू येतो. त्याने एचपीमध्ये २५२ गुण घातले आहेत, संरक्षणात एकही नाही आणि त्याच्याकडे कोणतीही वस्तू नाही. त्याची प्राणशक्ती ४०४ आणि संरक्षण २३६ भरते. गारचॉम्पच्या अर्थक्वेक या १०० शक्तीच्या चालीने म्यूची ३२७ ते ३८५ इतकी हानी होते. निर्णायक आघात, म्हणजे क्वचित पडणारा वाढीव हानीचा वार, वगळल्यास निकाल असे मिळतात:

| म्यूच्या बाजूची स्थिती | प्रवेशानंतर शिल्लक एचपी | एका वारात बाद होण्याची शक्यता |
|---|---|---|
| एकही सापळा नाही | ४०४ | १६ पैकी ० |
| स्टेल्थ रॉक | ३५४ | १६ पैकी ९ |
| स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्सचा एक थर | ३०४ | १६ पैकी १६ |

पहिल्या स्थितीत म्यू हमखास वाचतो आणि उलट वार करतो; शेवटच्या स्थितीत तो हमखास बाद होतो. दोन्ही वेळा गारचॉम्पचे बळ तेच असते. फरक असतो तो सापळे पसरण्यात संघातील दुसऱ्या सदस्याने खर्च केलेल्या दोन फेऱ्यांचा. अनुभवी खेळाडू संघ बांधताना अशी गणिते हानीगणकाच्या साहाय्याने आधीच करून ठेवतात.

## वेग

दोन नाजूक हल्लेखोर समोरासमोर आले, तर ज्याचा वेग अधिक तो बहुधा जिंकतो. त्यामुळे वेगातील एका अंकाचा फरकही निर्णायक ठरतो. गारचॉम्पचा मूळ वेग १०२ आहे. वेग वाढवणारा स्वभाव आणि २५२ ईव्ही गुण घेतल्यास १०० व्या पातळीवर तो ३३३ होतो. १०० मूळ वेगाच्या म्यूसारख्या अनेक पोकेमॉनचा कमाल वेग ३२८ असतो. पाच अंकांच्या या अंतरामुळे गारचॉम्प त्या साऱ्या गटाच्या आधी वार करू शकतो.

आठव्या पिढीत आलेल्या ड्रॅगापल्टचा कमाल वेग ४२१ आहे. गारचॉम्पला तो सहसा गाठता येत नाही. मात्र वेग दीडपट करणारी चॉईस स्कार्फ ही वस्तू दिल्यास गारचॉम्पचा वेग ४९९ होतो. म्हणूनच आक्रमक संघात किमान एक सदस्य वेगवान हल्लेखोरांना रोखण्यासाठी स्कार्फसह ठेवण्याचा प्रघात आहे. वेगाचा क्रम ओलांडून आधी पडणाऱ्या अग्रक्रमी चाली हा दुसरा उपाय होय. सिझरची बुलेट पंच आणि ड्रॅगनाइटची एक्स्ट्रीम स्पीड ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

## संघातील भूमिका

आक्रमक संघातील सदस्यांच्या भूमिका सामान्यतः पुढीलप्रमाणे ओळखल्या जातात. एकाच पोकेमॉनकडे दोन भूमिका असू शकतात.

* आघाडीचा पोकेमॉन: पहिल्या फेरीत मैदानात उतरून सापळे पसरतो आणि प्रतिस्पर्ध्याला तसे करू देत नाही. पूर्ण प्राणशक्ती असताना एका वारात बाद होण्यापासून वाचवणारी फोकस सॅश ही वस्तू त्याच्याकडे अनेकदा असते. तो लवकर बाद झाला तरी त्याचे काम झालेले असते.
* तटभेदक: प्रतिस्पर्ध्याचे भक्कम रक्षक फोडणारा हल्लेखोर. त्याला वेगापेक्षा बळाची गरज अधिक असते.
* सफाई करणारा: खेळाडूंच्या भाषेत 'स्वीपर'. चढ मिळवून किंवा नैसर्गिक वेगाच्या जोरावर डावाच्या उत्तरार्धात उरलेला संघ एकट्याने बाद करणे हे त्याचे काम असते.
* बदला घेणारा: सहकारी बाद झाल्यावर सुरक्षितपणे मैदानात येऊन समोरच्या धोकादायक पोकेमॉनला बाद करणारा सदस्य.
* वळणकर्ता: यू-टर्न किंवा व्होल्ट स्विच यांसारख्या चालीने वार करून त्याच फेरीत आपली जागा सहकाऱ्याला देणारा. तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा मंद असल्यास समोरचा वार स्वतः झेलतो आणि नाजूक सहकाऱ्याला इजेविना मैदानात आणतो.

## आक्रमक संघांचे प्रकार

अतिआक्रमक संघ सुरक्षित अदलाबदलीवर जवळजवळ विसंबतच नाही. आघाडीचा पोकेमॉन सापळे पसरतो किंवा रिफ्लेक्ट व लाइट स्क्रीन हे संरक्षक पडदे उभारतो आणि उरलेले सदस्य एकामागून एक चढ मिळवण्याचा प्रयत्न करतात. पडदे सामान्यतः पाच फेऱ्या टिकतात. लाइट क्ले या वस्तूने ही मुदत आठ फेऱ्यांची होते. या संघात वेळ हीच मुख्य मालमत्ता असते आणि वाया गेलेली प्रत्येक फेरी पडद्याच्या मुदतीतून वजा होते.

भक्कम आक्रमक संघ थोडा अधिक सावध असतो. त्याच्या सदस्यांमध्ये आक्रमणाबरोबर काही वार सोसण्याची ताकद असते आणि एकमेकांच्या कमकुवत प्रकारांना झाकता येईल अशी त्यांची निवड केलेली असते.

हवामानावर आधारित संघ एका नैसर्गिक स्थितीचा लाभ घेतो. पावसात जलप्रकाराच्या चालींची हानी दीडपट होते आणि स्विफ्ट स्विम ही क्षमता असलेल्या पोकेमॉनचा वेग दुप्पट होतो. पाचव्या पिढीत पॉलिटोडला मैदानात येताच पाऊस सुरू करणारी ड्रिझल ही क्षमता मिळाली. त्या वेळी असा पाऊस अमर्याद टिकत असल्याने स्मोगॉनने आपल्या प्रमुख श्रेणीत ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकाच संघात वापरण्यास मनाई केली. सहाव्या पिढीपासून क्षमतेमुळे सुरू झालेला पाऊस सामान्यतः पाच फेऱ्यांपुरता मर्यादित झाला.

एकाच प्रकाराचा मारा करणारा संघ एकाच रक्षकावर अनेक हल्लेखोरांचा भार टाकतो. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पाचव्या पिढीतील 'ड्रॅगमॅग' संघ. त्या काळी ड्रॅगन प्रकाराच्या चालींना केवळ पोलाद प्रकाराचे पोकेमॉन प्रतिकार करू शकत. ड्रॅगमॅग संघात अनेक ड्रॅगन आणि त्यांच्या सोबतीला मॅग्नेझोन असे. मॅग्नेझोनची मॅग्नेट पुल ही क्षमता पोलाद प्रकाराच्या पोकेमॉनला अदलाबदल करून निसटू देत नाही. तो अडकलेला रक्षक बाद झाला, की उरलेल्या ड्रॅगनांपुढे प्रकाराच्या बळावर टिकणारा कोणीही राहत नसे. २०१३ मध्ये सहाव्या पिढीने परी हा प्रकार आणला. ड्रॅगन प्रकाराच्या चालींचा त्याच्यावर कोणताही परिणाम होत नसल्याने या संघाचा आधार बराचसा नाहीसा झाला.

## बांधणीचे टप्पे

आक्रमक संघाची बांधणी बहुधा शेवटाकडून सुरुवातीकडे होते. डाव अखेरीस कोणी जिंकून द्यायचा, हे आधी ठरते. त्या सदस्याला कोणते पोकेमॉन रोखू शकतात याची यादी केली जाते आणि त्यांना दूर करू शकणारे किंवा दुबळे करणारे सहकारी निवडले जातात. उदाहरणार्थ, स्वोर्ड्स डान्स वापरणाऱ्या गारचॉम्पच्या वाटेत वेगवान हिम प्रकाराचे हल्लेखोर, अर्थक्वेकपासून मुक्त असलेले उड्डाण प्रकाराचे रक्षक आणि ड्रॅगनच्या वारांना न जुमानणारे परी प्रकाराचे पोकेमॉन येतात. एखादा पोलाद प्रकाराचा सहकारी हिम आणि परी या दोन्ही प्रकारांचा प्रतिकार करतो आणि त्यांच्यावर दुप्पट परिणामाचा वारही करू शकतो. विद्युत प्रकाराचा सहकारी उड्डाण प्रकारच्या रक्षकांना धाक घालतो.

त्यानंतर संघात पुढील गोष्टी आहेत का, हे तपासले जाते: सापळे पसरणारा सदस्य, भौतिक आणि विशेष या दोन्ही प्रकारच्या माऱ्याचा समतोल, वेगवान शत्रूवरील किमान एक उपाय, आणि प्रचलित हल्लेखोरांच्या मुख्य चालींपासून मुक्त असलेला किंवा त्यांचा प्रतिकार करणारा किमान एक सदस्य. शेवटच्या अटीमुळे बचाव न करणाऱ्या संघालाही मैदानात सुरक्षित प्रवेशाची एखादी जागा मिळते. सापळे हटवणाऱ्या पोकेमॉनसाठीही तरतूद करावी लागते. रॅपिड स्पिन या सामान्य प्रकाराच्या चालीचा भूत प्रकारावर परिणाम होत नाही. त्यामुळे भूत प्रकाराचा सदस्य योग्य वेळी मैदानात आणल्यास पसरलेले सापळे टिकून राहतात.

## दुहेरी लढतींमधील स्वरूप

दुहेरी लढतीत सापळ्यांचे महत्त्व घटते, कारण डाव लहान असतो आणि अदलाबदल कमी होते. तेथे वेगावर नियंत्रण आणि जोडीदाराला मोकळी फेरी मिळवून देणे यांना अधिक महत्त्व आहे. टेलविंड ही चाल संपूर्ण बाजूचा वेग चार फेऱ्यांसाठी दुप्पट करते, तर ट्रिक रूम पाच फेऱ्यांपुरता वेगाचा क्रम उलटा करते. फेक आउट ही चाल प्रतिस्पर्ध्याचा एक पोकेमॉन त्या फेरीपुरता थोपवू शकते. एकाहून अधिक लक्ष्यांवर पडणाऱ्या वाराची हानी प्रत्येकी तीन-चतुर्थांश होते.

२०१४ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से-जुन पार्क मास्टर्स गटात विजेता ठरला. त्याच्या संघात गारचॉम्प, ग्याराडोस, टॅलनफ्लेम यांसारख्या हल्लेखोरांसोबत पॅचिरिसू हा सामान्यतः दुबळा समजला जाणारा पोकेमॉन होता. पॅचिरिसूच्या मूळ गुणांकांची बेरीज ४०५ आहे, तर गारचॉम्पची ६००. तरीही फॉलो मी या चालीने तो शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घेई आणि व्होल्ट अॅब्सॉर्ब या क्षमतेमुळे विद्युत प्रकाराचे वार त्याला इजा करण्याऐवजी प्राणशक्ती देत. विद्युत प्रकारापुढे चौपट दुबळ्या असलेल्या ग्याराडोसला त्याचा मोठा आधार मिळाला. सदस्याचे मूल्य त्याच्या एकट्याच्या बळावरून ठरत नाही, याचे उदाहरण म्हणून या संघाचा उल्लेख वारंवार केला जातो.

## मर्यादा आणि प्रतिउपाय

आक्रमक संघात चूक सुधारण्यास फारसा वाव नसतो. बचावात्मक संघाचा एखादा अंदाज चुकला, तर तो प्राणशक्ती भरून काढून पुन्हा सावरू शकतो. आक्रमक संघ त्याच चुकीत एक सदस्य आणि कधीकधी संपूर्ण योजना गमावतो. चॉईस वस्तूमुळे एका चालीत अडकलेला हल्लेखोर प्रतिस्पर्ध्याला चढ मिळवण्याची आयती संधी देतो. अचूकता कमी असलेल्या चाली आणि निर्णायक आघात यांचा फटकाही अशा संघाला अधिक बसतो.

अशा संघांविरुद्ध पुढील उपाय प्रचलित आहेत:

* अनअवेअर ही क्षमता असलेले क्वॅगसायरसारखे पोकेमॉन शत्रूने मिळवलेली आक्रमणाची चढ विचारात घेत नाहीत.
* हेझ ही चाल सर्व चढ-उतार पुसून टाकते, तर रोअर आणि व्हर्लविंड चढलेल्या पोकेमॉनला मैदानाबाहेर हाकलतात.
* टाँट या चालीने आघाडीच्या पोकेमॉनला सापळे पसरता येत नाहीत.
* आठव्या पिढीत आलेले हेवी-ड्यूटी बूट्स धारण करणाऱ्याला सापळ्यांची इजा होत नाही. या एका वस्तूमुळे वर दिलेल्या प्रकारची गणिते पुष्कळदा उलटतात.

## पिढ्यांनुसार झालेले बदल

पहिल्या दोन पिढ्यांमध्ये सर्व गुणांक एकाच वेळी कमाल पातळीवर नेता येत. त्यामुळे हल्लेखोराला बचाव सोडावा लागत नसे. दुसऱ्या पिढीत प्राणशक्ती भरून देणाऱ्या लेफ्टओव्हर्स या वस्तूची भर पडली आणि डाव लांबत गेले. २००२ मधील रुबी आणि सफायर या खेळांनी स्वभाव, क्षमता आणि ईव्ही गुणांची एकूण मर्यादा आणली. आक्रमण की बचाव, ही निवड तेव्हापासून अटळ झाली.

आक्रमक खेळाला सर्वांत मोठे बळ २००६ मधील डायमंड आणि पर्ल या चौथ्या पिढीच्या खेळांनी दिले. तोपर्यंत एखादी चाल भौतिक की विशेष हे तिच्या प्रकारावरून ठरे. आता ते प्रत्येक चालीनुसार ठरू लागले. ग्याराडोसला आपल्या मोठ्या आक्रमणाच्या बळावर जलप्रकाराचा भौतिक वार करणे त्यामुळे शक्य झाले. स्टेल्थ रॉक, लाइफ ऑर्ब, फोकस सॅश, चॉईस स्कार्फ आणि यू-टर्न हे सारे याच पिढीत आले.

पाचव्या पिढीत लढतीपूर्वी दोन्ही संघ परस्परांना दाखवण्याची पद्धत सुरू झाली. आघाडीच्या पोकेमॉनची निवड त्यामुळे केवळ तर्कावर अवलंबून राहिली नाही. सहाव्या पिढीत निर्णायक आघाताचा गुणक दोनवरून दीडवर आला आणि डीफॉग ही चाल सापळे हटवण्याचे प्रभावी साधन बनली. २०२२ मधील स्कार्लेट आणि व्हायोलेट या नवव्या पिढीच्या खेळांत टेरास्टल ही प्रक्रिया आली. तिच्यामुळे लढतीत एकदा एका पोकेमॉनचा प्रकार बदलता येतो. त्याच पिढीत रिकव्हरसारख्या शक्ती भरून काढणाऱ्या प्रमुख चालींच्या वापराची मर्यादा घटवण्यात आली. या दोन्ही बदलांचा कल आक्रमक संघांच्या बाजूने असला, तरी ऐन वेळी प्रकार बदलून निश्चित वाटणारा वार निष्फळ करण्याची सोय बचाव करणाऱ्यालाही मिळाली.

## हे सुद्धा पहा

* पोकेमॉन
* गेम फ्रीक
* निन्टेन्डो
* गेम बॉय